घरातला ऐवज लपवायचा कसा : नाशिककरांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

घरफोडीच्या बातम्या लक्षपूर्वक वाचल्या, तर त्यांत काही गोष्टी हटकून आढळतात. कुटुंब दोन-तीन दिवसांसाठी बाहेरगावी गेलेले असते, दाराचा कडी-कोयंडा तोडलेला असतो आणि शयनगृहातील लोखंडी कपाट उचकटून दागिने व रोकड लंपास केलेली असते. अनेकदा कपाट उचकटण्याचीही गरज पडत नाही, कारण त्याची किल्ली त्याच खोलीत साड्यांच्या घडीखाली किंवा गादीच्या कोपऱ्यात ठेवलेली असते. म्हणजे ऐवज कुठे असेल हे चोराला घरात शिरण्याआधीच ठाऊक असते, आणि ही माहिती आपल्याच सवयींनी त्याला दिलेली असते.

आमचे बिऱ्हाड जुन्या नाशकातील वाड्यातून इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये आले, तेव्हा या सगळ्याचा विचार आम्हाला मुळापासून करावा लागला. वाड्यात भिंतीतच कोनाडे, फडताळे आणि बळदे होती. फ्लॅटमध्ये चार इंची भिंती आणि प्लायवूडचे फर्निचर. पुढे नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरीही अशा जागा करून दिल्या. नव्याने घर लावणाऱ्यांचा गोंधळ कमी व्हावा, म्हणून ती सारी माहिती येथे क्रमाने देत आहे.

लपवण्याची जागा दोन कसोट्यांना उतरली पाहिजे. चोराला ती घाईच्या वेळेत सापडू नये आणि घरच्यांना ती कधीही हरवू नये. पहिल्या कसोटीचा विचार सगळेच करतात. दुसरीचा विचार न केल्याने जाणारा ऐवजही कमी नसतो. तो रद्दीत जातो, भांडेवालीकडे जातो, वाळवी खाते, किंवा लपवणारी व्यक्ती गेल्यावर भिंतीतच राहतो.

१. आधी यादी आणि कागदपत्रे तयार करावीत

जागा शोधण्यापूर्वी काय लपवायचे आहे ते टेबलावर मांडून पाहावे. प्रत्येक दागिन्याचे दोन फोटो काढावेत, एक पूर्ण आणि एक जवळून, ज्यात सोनाराचा शिक्का व हॉलमार्क दिसेल. अलीकडच्या दागिन्यांवर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असतो. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीच्या जिल्ह्यांत असा क्रमांक नसलेला सोन्याचा दागिना सराफ ग्राहकाला विकू शकत नाही. हा क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या अॅपवर तपासता येतो. तो वहीत उतरवून ठेवावा, कारण चोरी झाल्यावर ‘साधारण दीड तोळ्याची चेन’ असे सांगणे आणि क्रमांकासह दागिना सांगणे यांत मोठा फरक पडतो.

पुढील कागद एकत्र ठेवावेत :

- दागिन्यांच्या खरेदीच्या पावत्या. पावती हरवलेली असल्यास मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचे प्रमाणपत्र
- वारशाने आलेल्या दागिन्यांसाठी मृत्युपत्राची किंवा वाटणीपत्राची प्रत
- बँक लॉकरचा करारनामा आणि नामनिर्देशनाची पोच
- घराचा विमा असल्यास पॉलिसी
- फोटो व वजनांसह यादीच्या दोन प्रती

यादीची एक प्रत घराबाहेर असावी, आणि ऐवजाबरोबर तर ती कधीच ठेवू नये.

पावत्यांचा आणखी एक उपयोग आहे. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या ११ मे १९९४ च्या सूचनेनुसार प्राप्तिकराच्या झडतीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे सोन्याचे दागिने जप्त केले जात नाहीत. ही सवलत केवळ जप्तीपुरती आहे, त्यामुळे सोने कुठून आले याचा पुरावा आपल्यापाशी असलेला बरा.

२. घरात काय ठेवायचे आणि लॉकरमध्ये काय, हे ठरवावे

घरातली कोणतीही जागा कितीही युक्तीची असली, तरी ती फक्त वेळ मिळवून देते. म्हणून लग्नातले जड दागिने, वर्षातून एखाद्या वेळी घालायचा राणीहार, सोन्याची नाणी आणि मालमत्तेची मूळ कागदपत्रे बँकेच्या लॉकरमध्ये ठेवावीत. घरात रोजचे मंगळसूत्र, बांगड्यांचा एखादा जोड, कानातले, देवाची चांदीची भांडी आणि अडीअडचणीला लागेल तेवढी रोकड, एवढेच असावे.

लॉकरबाबतही डोळे उघडे ठेवावेत. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत असते. भाडे ३,००० रुपये असेल, तर भरपाई जास्तीत जास्त ३ लाख रुपये मिळेल, मग आतले सोने कितीही असो. पूर किंवा भूकंपासारख्या नैसर्गिक आपत्तीत बँकेचा निष्काळजीपणा नसेल, तर तेवढीही मिळत नाही. गोदाकाठच्या शहरात लॉकर घेताना शाखा कोणत्या भागात आहे आणि लॉकरची खोली तळमजल्यावर किंवा तळघरात आहे का, हे अवश्य पाहावे. लॉकरमध्ये रोख रक्कम ठेवू नये. करारनाम्यात त्यास मनाई असते.

३. कोणत्या जागा कटाक्षाने टाळाव्यात

बहुतेक माणसे पहिल्यांदा येथेच चुकतात, कारण सुचणारी पहिली जागा सगळ्यांना सारखीच सुचते.

तांदळाचा, डाळीचा किंवा पिठाचा डबा ही आपल्याकडची परंपरागत जागा आहे आणि म्हणूनच ती निरुपयोगी आहे. सराईत चोर डबे जमिनीवर पालथे करतो, त्याला आवरायचे नसते. गादी व उशीची खोळ, साड्यांच्या घड्या, देवघरातील ड्रॉवर, देवाच्या तसबिरीची मागची बाजू, बॉक्स पलंग, फ्लशची टाकी, फ्रीजरचा कप्पा आणि माळ्यावरची बॅग यांचेही तसेच आहे. फ्रीजरमध्ये दमटपणाने नोटा आणि कागद खराब होतात, हा आणखी एक तोटा.

दुसरा गट धोक्याच्या जागांचा आहे. चालू वीजजोडणी असलेल्या स्विचबोर्डच्या मागे, गिझरच्या किंवा एसीच्या आत, मीटरच्या पेटीत आणि गॅसच्या सिलिंडरजवळ काहीही लपवू नये. तेथे जिवाला धोका आहे, शिवाय दुरुस्तीला येणारा माणूस ती जागा तुमच्याआधी उघडतो.

तिसरा गट मला सर्वांत जास्त महत्त्वाचा वाटतो. जी वस्तू घरातून सहज बाहेर जाऊ शकते, तिच्यात ऐवज ठेवू नये. जुना बूट, फाटकी पर्स, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, शिवणाच्या चिंध्यांचे गाठोडे, आतून कोरलेले जाड पुस्तक या जागा चोराला कदाचित सापडणार नाहीत, परंतु दिवाळीच्या साफसफाईत त्या हमखास बाहेर पडतात. पुस्तक रद्दीवाला नेतो, जुने कपडे देऊन स्टीलचे पातेले घेतले जाते आणि डबा भंगारात जातो. लपवण्याची जागा घराला पक्की जोडलेली असावी. तिला कोणी हाताने उचलून दाराबाहेर नेऊ शकत असेल, तर ती जागा बाद समजावी. हाच नियम छोट्या तिजोरीला लावावा. भिंतीला किंवा जमिनीला आतून बोल्टने न आवळलेली तिजोरी चोर उघडत बसत नाही, तो ती उचलूनच नेतो.

४. घर कसे आहे ते पाहून जागा निवडावी

फ्लॅट किंवा रो-हाउस असल्यास उत्तम जागा फर्निचरच्या पोटात असतात. भिंतीतल्या वॉर्डरोबचा सर्वांत खालचा कप्पा जमिनीपासून तीन-चार इंच वर असतो आणि समोरून पट्टीने झाकलेला असतो. ही पोकळी जवळजवळ प्रत्येक घरात असते, पण तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. कप्प्याच्या तळाचा प्लाय मागच्या अर्ध्या भागात सुटा केला आणि त्यावर नेहमीच्या चादरी ठेवल्या, की चांदीची भांडीसुद्धा मावतील एवढी जागा मिळते.

मॉड्युलर किचनमध्ये खालच्या कपाटांच्या पायांपुढे साधारण चार इंच उंचीची स्कर्टिंग पट्टी क्लिपांवर बसवलेली असते. ती दोन्ही हातांनी ओढली की निघते आणि दाबली की बसते. आत झाकण घट्ट बसणारा स्टीलचा डबा ठेवता येतो. मात्र सिंकखालचा भाग टाळावा, तेथे पाणी झिरपते.

ड्रॉवरच्या मागेही जागा असते. कपाट बावीस इंच खोल आणि ड्रॉवरचे चॅनेल अठरा इंचांचे असेल, तर मागे काही इंचांची पोकळी राहते. ड्रॉवर पूर्ण काढून मागच्या भिंतीला कापडी पिशवी स्क्रूने अडकवता येते. रोज लागणाऱ्या दागिन्यांसाठी ही जागा त्रासाची आहे, पण पासपोर्ट किंवा जादा किल्ल्यांसाठी योग्य आहे.

भिंत फोडून तिजोरी बसवायची असेल, तर कॉलम, बीम किंवा स्लॅबला हात लावू नये, आणि विटांच्या भिंतीतही वायरिंगची व पाण्याची नळी कुठून गेली आहे याची खातरजमा केल्याशिवाय छिन्नी चालवू नये. चार इंची भिंतीत तिजोरी बसत नाही. ती पलीकडून दिसू लागते.

वाड्यात राहत असाल, तर गोष्ट वेगळी आहे. आमच्या वाड्यात माजघरातील फडताळाचा मधला फळा एका बाजूने दाबला, की दुसरे टोक वर येई आणि खाली हातभर खोल बळद लागे. बाहेरून पाहणाऱ्याला तेथे लोणच्याच्या बरण्यांखेरीज काही दिसत नसे, आणि बरण्या इतक्या जड होत्या की त्या सरकवण्याचा उद्योग कोणी केला नसता. सागवानी काम करणारे जुने सुतार जागा आणि अडथळा यांचा एकत्र विचार करीत असत, हे त्यातून शिकण्यासारखे आहे. परंतु आज अनेक वाड्यांच्या भिंती खचल्या आहेत आणि पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. अशी नोटीस आलेल्या वाड्यात भिंतीतला ऐवज आधी काढून घ्यावा. वाडा पाडताना जमिनीत किंवा भिंतीत जुनी नाणी वा दागिने सापडले, तर ते परस्पर वाटून घेऊ नयेत. १८७८ च्या भारतीय गुप्तधन अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

५. खोट्या तळाचा ड्रॉवर स्वतः बनवावा

नवख्या माणसाने पहिली जागा म्हणून हीच करावी, असा माझा आग्रह आहे. खर्च थोडा, भिंतीला धक्का नाही, आणि काम एका दुपारचे आहे. मुख्य म्हणजे सुताराला दाखवावे लागत नाही. ज्याने जागा केली त्याला ती कायम ठाऊक राहते, ही अडचण इतर प्रकारांत असते.

साहित्य असे : ६ मिमी जाडीचा प्लाय, ड्रॉवरच्या आतल्या रंगाचेच सनमायका, अर्धा इंच जाडीच्या लाकडी पट्ट्या, लाकडाचा डिंक, पॉलिश पेपर, मेजटेप, लोखंडी वायसर, छोटे पण जोरकस लोहचुंबक आणि जाड मऊ कापड.

ड्रॉवर निवडताना तो आतून किमान पाच इंच खोल असावा. कमी खोलीच्या ड्रॉवरमध्ये तळ वर आल्याचे चटकन लक्षात येते. ड्रॉवरच्या आतली लांबी-रुंदी दोन-दोन ठिकाणी मोजावी, कारण तो काटकोनात असेलच असे नाही. प्लाय दुकानातच कापून घ्यावा आणि प्रत्येक बाजूने दोन मिलिमीटर कमी ठेवावा. हे अंतर उन्हाळ्यात जास्त वाटते. पण श्रावणात लाकूड फुगते आणि नेमक्या मापाचा तुकडा असा अडकतो की तो फोडूनच काढावा लागतो.

लाकडी पट्ट्या मूळ तळाच्या चारही कडांना चिकटवाव्यात आणि डिंक रात्रभर वाळू द्यावा. त्यांच्यावर नवा तळ टेकेल व खाली अर्ध्या इंचाची पोकळी तयार होईल. तेवढ्यात सपाट हार, कानातले, बांगड्या आडव्या ठेवून आणि नोटांचे पातळ पाकीट आरामात मावते. पोकळी याहून फार वाढवू नये. ड्रॉवर बाहेरून किती खोल दिसतो आणि आतून किती लागतो, यातला फरक इंचाच्या आत असेल तर हाताला जाणवत नाही.

प्लायच्या वरच्या बाजूला सनमायका चिकटवून कडा घासून घ्याव्यात. खालच्या बाजूला, मागच्या एका कोपऱ्यात वायसर चिकटवावे. तळ उचलायचा झाला, की वरून त्या जागी लोहचुंबक टेकवून सावकाश ओढावे. चुंबक फ्रीजवर इतर चुंबकांबरोबर लावून ठेवता येतो. काहीजण ड्रॉवरच्या मूळ तळाला खालून पेन्सिलीएवढे छिद्र पाडून नवा तळ ढकलतात. तेही चालते, पण छिद्रातून झुरळे शिरतात.

आत मऊ कापड पसरावे आणि प्रत्येक वस्तू वेगळी गुंडाळावी, म्हणजे ड्रॉवर ओढताना खळखळ होणार नाही. मग वरच्या भागात रोजच्या, किरकोळ आणि थोड्या अस्ताव्यस्त वस्तू ठेवाव्यात : चार्जरच्या वायरी, जुनी बिले, औषधांच्या पट्ट्या. रिकामा ड्रॉवर संशय निर्माण करतो.

६. ओल, वाळवी आणि पूर यांचा विचार करावा

नाशिकचा पावसाळा नोटांना आणि कागदांना सोसत नाही. भिंतीला लागून असलेल्या पोकळीत कागद ठेवताना झिपच्या पिशवीत सिलिका जेलची पुडी घालावी आणि ती दरवर्षी बदलावी. लाकडी जागेत नोटा ठेवायच्या असतील, तर त्या स्टीलच्या डब्यातच ठेवाव्यात. वाळवी प्लायमधून थेट गठ्ठ्यात शिरते. नोटांना रबरबँड लावू नये, तो वितळून चिकटतो. चांदीजवळही रबर नको, कारण त्यातील गंधकाने चांदी काळी पडते. मोती मात्र हवाबंद प्लॅस्टिकमध्ये ठेवू नयेत. त्यांना सुती कापडात मोकळे ठेवावे, नाहीतर ते कोरडे पडून निस्तेज होतात.

पंचवटी, सराफ बाजार, भांडी बाजार आणि नदीलगतच्या पेठांत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी जमिनीलगतची कोणतीही जागा वापरू नये. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सराफ बाजारातील दुकानांत पाणी शिरले होते. गंगापूर धरणातून विसर्ग वाढवल्याचा इशारा येतो, तेव्हा आवराआवरीला थोडाच वेळ हातात असतो. अशा घरांत ऐवज छातीच्या उंचीच्या वरच असावा आणि एका हातात उचलता येईल अशा एकाच पिशवीत असावा.

७. एका विश्वासू व्यक्तीला सांगावे, बाकी कोणाला नाही

ही पायरी टाळू नका, अशी कळकळीची विनंती आहे. जागा फक्त एकालाच ठाऊक असेल आणि त्या व्यक्तीला विस्मरण झाले किंवा तिचे अचानक निधन झाले, तर घरच्यांना त्या वस्तूंचा पत्ताच लागत नाही. घर विकले जाते, फर्निचर नव्या मालकाकडे जाते. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे व हजाराच्या नोटा बाद झाल्या, तेव्हाही कित्येक आज्यांनी गुपचूप साठवलेले पैसे मुदत संपल्यावर सापडले आणि ते कागद झाले.

पती-पत्नी दोघांनाही जागा माहीत असाव्यात आणि तिसरी एखादी व्यक्ती, विवाहित मुलगी किंवा भाऊ, यांच्याकडे बंद पाकिटात जागेचे वर्णन असावे. वर्णन असे लिहावे की परक्याला ते वाचूनही उमगू नये : ‘काकूंनी दिलेल्या टेबलाचा दुसरा कप्पा’ एवढे घरच्यांना पुरते. लहान मुलांना जागा दाखवू नये. ती निरागसपणे सांगून टाकतात. दागिने चमकवून देतो असे म्हणत दारावर येणाऱ्यांपुढे किंवा पोलिस असल्याचे सांगून दागिने काढून ठेवायला लावणाऱ्या तोतयांपुढे वयस्कर मंडळींनी ऐवजाचा विषयही काढू नये, हे त्यांना शांतपणे समजावून सांगावे. २०२७ च्या सिंहस्थात पंचवटी परिसरातील अनेक घरांत पाहुणे आणि भाडेकरू राहतील. ज्यांना खोली द्यायची आहे, त्यांनी त्या खोलीतील जागा आधीच रिकामी करावी.

८. थोडा ऐवज दिसेल असा ठेवावा

यावर मतभेद आहेत, पण माझे मत पक्के आहे. नेहमीच्या कपाटात एक ग्रॅम सोन्याचे काही दागिने आणि थोडी रोकड असावी. चोराला काहीच मिळाले नाही, तर तो घर उलथेपालथे करतो. हाताला काही लागले, तर निघून जाण्याची शक्यता वाढते. घरात माणसे असताना कोणी शस्त्र घेऊन शिरलेच, तर हाच ऐवज मुकाट्याने देऊन टाकावा. खरी जागा विचारली, तर तीही सांगावी. जिवापेक्षा सोने मोठे नाही.

९. दरवर्षी तपासणी करावी, आणि चोरी झाल्यास काय करावे

दिवाळीची साफसफाई सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात सर्व जागा दोघांनी मिळून उघडाव्यात, यादीशी ताडून पाहाव्यात, नोटा चलनात आहेत ना हे पाहून जुन्या नोटा बँकेत भराव्यात. घरात रंगकाम, सुतारकाम किंवा पेस्ट कंट्रोल करायचे असेल, तर ऐवज तेवढ्या दिवसांपुरता लॉकरमध्ये हलवावा.

परत आल्यावर कडी-कोयंडा तुटलेला दिसला, तर आत जाऊ नये. चोर अजून घरात असू शकतो. बाहेरूनच ११२ वर फोन करावा. पोलिस येईपर्यंत कोणत्याही वस्तूला हात लावू नये, आणि लपवलेली जागा सुरक्षित आहे का हे पाहायला जमलेल्या शेजाऱ्यांदेखत धावू नये. ती पंचनामा झाल्यावर, गर्दी पांगल्यावर पाहावी. फिर्याद देताना यादीची बाहेर ठेवलेली प्रत, फोटो आणि एचयूआयडी क्रमांक सोबत द्यावेत. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. विम्याच्या दाव्यासाठी ती लागते, म्हणून ती घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नये.